सिराजुद्दीन ओट्टो सरखोत

आपलं सरकार पत्राला उत्तर देत नाही, या भरवशावर मी सेहेचाळीस वर्षं सुखात काढली. १९९० साली त्या भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. पूर्व जर्मनीतल्या आल्टेनरोडा नावाच्या गावाच्या नगरपालिकेने आमच्या कलेक्टरला एक चौकशीपत्र पाठवलं. कलेक्टरने ते तहसीलदाराकडे धाडलं, तहसीलदाराने तलाठ्याकडे. तलाठी चक्क सायकलवर टांग टाकून शाळेत गेला, हेडमास्तरांनी माळ्यावरचं जुनं रजिस्टर झटकलं, आणि सहा महिन्यांच्या आत सहीशिक्क्यानिशी उत्तर गेलं: 'सदर इसम डॉ. ओट्टो हिर्शबर्ग यास एक मुलगा असून तो नोकरीनिमित्त सौदी अरेबिया येथे आहे.' सोबत मुलाचा पत्ता. आमच्या खाडीवरच्या पुलासाठी आम्ही बावीस वर्षं अर्ज करतोय, त्यातल्या एकाचीही पोच आलेली नाही.

मुलगा म्हणजे मी. आणि मी त्यांचा मुलगा नाही. गोष्ट एवढीच आहे, पण सांगायला जरा मागे जावं लागतं.

ओट्टो डॉक्टर १९३९ साली आमच्या आडखाडी गावात लाँचमधून उतरले. हिटलरने ज्यू डॉक्टरांचे दवाखाने बंद केले म्हणून ते मुंबईला पळाले, आणि मुंबईत डॉक्टर उदंड होते म्हणून कोकणात आले. आई, वडील आणि इर्मा नावाची बहीण मागे राहिली होती. त्यांनाही बोलावून घ्यायचं होतं, पण कागद तयार व्हायच्या आत लढाई पेटली. १९४६ साली एक पत्र आलं की तिघांना गाडीत घालून पोलंडला नेलं आणि तिथे गॅसने मारलं. डॉक्टरांनी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला आणि तिसऱ्या दिवशी उघडला. हे मला माझ्या माने, म्हणजे आईने, सांगितलं, कारण मी तेव्हा दोन वर्षांचा होतो.

माझे खरे वडील हारून सरखोत. बोटीवर आगवाला होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ओढणारे. वर्षाचे दहा महिने समुद्रावर. १९५० साली मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा बाबा कुठेतरी सिंगापूरच्या पुढे होते आणि मा माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळच्या बाळंतपणात अंथरुणाला खिळलेली. दवाखाना आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत होता. डॉक्टर म्हणाले, मी नेतो. त्यांनी माझं बोट धरलं आणि शाळेत नेलं. गुरुजींनी विचारलं, पालक कोण? डॉक्टर म्हणाले, आत्ता मी. गुरुजींनी मान खाली घालून मराठी शिरस्त्याप्रमाणे लिहून टाकलं, आधी मुलाचं नाव, मग बापाचं, मग आडनाव: सिराजुद्दीन ओट्टो सरखोत. डॉक्टरांनी ते वाचलंही. पण त्यांना वाटलं, पोराला शाळेत आणणाऱ्या माणसाचं नाव मध्ये घालायची इकडची रीत असेल. फार छान रीत आहे, असं त्यांनी वर गुरुजींना सांगितलं.

त्या खेपेला बोट लांबली आणि बाबा दोन वर्षांनी सुट्टीवर आले, तेव्हा हे उघडकीला आलं. हेडमास्तर म्हणाले, बदल करायचा तर गॅझेटात छापून आणा. बाबांची रजा या वेळी आठच दिवसांची होती आणि त्यातले चार प्रवासात गेलेले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. डॉक्टरचा नाव हाय, चोराचा नाय." पुढे पंचावन्न साली एडनजवळ बॉयलरपाशीच त्यांची छाती बंद पडली आणि त्यांना समुद्रात सोडलं. रजिस्टरातलं नाव मात्र एसएससीत गेलं, एसएससीतून पासपोर्टात आणि पासपोर्टातून सौदीच्या इकाम्यात, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यात. अरबी अक्षरांत ते आणखीच निराधार दिसतं.

बाबा हसले, पण गाव हसण्यावारी नेणारं नव्हतं. नवरा दहा महिने बोटीवर, पुढच्या खोलीत गोरा डॉक्टर आणि पोराच्या नावात ओट्टो. लोकांना आणखी काय हवं? त्या दिवसापासून मा दवाखान्याची पायरी चढली नाही. एकदा तिच्या छातीत कफ झाला, ताप उतरेना. डॉक्टर आमच्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले, गल्लीकडे तोंड करून, म्हणजे आपण आत बघत नाही हे सगळ्या गल्लीला दिसावं. स्टेथोस्कोपची नळी दाराच्या फटीतून आत, आणि तिचं टोक माच्या पाठीवर धरायला मी. "खाली. डावीकडे. श्वास घ्या, हाजराबाय," असं ते गल्लीला सांगत होते आणि समोरची चार बायका-माणसं दीर्घ श्वास घेत होती. मा बरी झाली. तिने आपलं नाव असं चाळीस वर्षं जपलं, दाराच्या फटीएवढंही उघडं पडू दिलं नाही.

आता रियाध. १९९१ सालचा जानेवारी. मी एका मोठ्या इस्पितळात एसी मेकॅनिक होतो आणि आमच्या कॅम्पात एका खोलीत बारा जण राहायचो. इराकची क्षेपणास्त्रं आज येणार की उद्या, एवढाच विषय. खिडक्यांना चिकटपट्टी लावलेली, दाराशी ओला टॉवेल, आणि बारा जणांत मिळून गॅसचे मास्क चार. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मला एक मास्क लागला. मग कळलं की दाढी असली तर मास्क बसत नाही, कडेने हवा आत येते. माझी दाढी वीस वर्षांची. माझ्या वरच्या बंकवर नागेश झोपायचा, राजापूरचा इलेक्ट्रिशियन, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "सिराजभाय, एक तर दाढी ठेवा नाय तर जीव ठेवा. नाय तर मास्क मला द्या नि दाढीसकट सुखात ऱ्हावा."

तशात ते पाकीट आलं. आमचं टपाल कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर यायचं आणि ते आधी मंदूब उघडायचा. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कंपनीची कामं करणारा माणूस. आमचा मंदूब अबू सालेम. पासपोर्ट सगळ्यांचे त्याच्या तिजोरीत. त्याने पाकिटावरचा गरुडाचा शिक्का पाहिला, आतले कागद उलटेसुलटे करून पाहिले आणि इंग्रजी येत नसल्यामुळे ते माझ्या हातात ठेवले. मी अल्लाचे आभार मानले. पहिल्याच ओळीत ज्यू हा शब्द होता, आणि त्या देशात, त्या वर्षी, त्या शब्दाच्या शेजारी आपलं नाव असावं असं एक हज आणि चार उमरे केलेल्या माणसाला कशाला वाटेल?

पत्र मोठं सभ्य होतं. तिथलं जुनं सरकार पडल्यावर आल्टेनरोडाच्या नव्या नगरपालिकेने ठरवलं होतं की गावातून घालवलेल्या आणि मारलेल्या ज्यू माणसांचं जे काही लुबाडलं ते ज्याचं त्याला परत करायचं आणि त्यांची आठवण ठेवायची. हिर्शबर्ग कुटुंबाच्या घराच्या जागी आता रस्ता होता. परत करण्याजोगी एकच वस्तू सापडली होती: 'स्की, लाकडी, एक जोडी, काठ्यांसह. एका काठीचं टोक नाही.' ज्यूंनी स्की बाळगू नयेत असा हुकूम निघाला तेव्हा इर्माकडून त्या काढून घेतल्या होत्या. नंतर चाळीस वर्षं त्या गावच्या संग्रहालयात 'कामगारांचे हिवाळी खेळ' या दालनात टांगलेल्या होत्या, मागे इर्माच्या नावाची चिठ्ठी तशीच. आता त्या वारसाला, म्हणजे मला, रियाधला पाठवायची त्यांची तयारी होती.

मला हसू फुटलं. लहानपणी डॉक्टर सांगायचे की माझी बहीण पायाला फळ्या बांधून डोंगरावरून खाली यायची. आम्ही पोरं म्हणायचो, डॉक्टर चांगला, पण थापाड्या.

पुढचं वाचलं आणि हसू गेलं. गावच्या चौकात दगड बसवायचा होता. त्यावर एकेचाळीस नावं, प्रत्येकापुढे जन्मसाल आणि मृत्यू कुठे झाला ते. इर्मा आणि आईवडिलांपुढे पोलंडमधल्या त्या छावणीचं नाव. डॉक्टरांपुढे: 'बेपत्ता'.

डॉक्टर बेपत्ता? पाच गावांतलं कुत्रंसुद्धा ज्याच्या दारात लंगडत जायचं, तो माणूस बेपत्ता? एकोणतीस वर्षं एका खोलीत राहिले. अडुसष्ट साली तिथेच वारले. आमच्याकडचे मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, तोवर बहुतेक इस्रायलला गेलेले. डॉक्टरांची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि तेल्यांची चारच डोकी उरली होती. म्हातारा तेली कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, सहा उसने घेऊ, देवाला मोजू दे काय मोजायचं ते. तीन कोळी, एक भंडारी, खोताचा मुलगा आणि मी असे सहा आम्ही टोप्या घालून उभे राहिलो. माती मी दिली. मला माहीत आहे ते कुठे आहेत. तेल्यांच्या कबरस्तानात, वडाच्या पूर्वेला तिसरी कबर.

पत्रासोबत एक फॉर्म होता. रकाना सात: मृताशी नातं. त्यात चार चौकोन: पती वा पत्नी, अपत्य, नातवंड, भाऊ वा बहीण. खाली टीप, नातेवाईक नसलेल्यांचं निवेदन ग्राह्य धरता येणार नाही. आणि शेवटी आणखी एक प्रेमळ परिच्छेद: डॉक्टर जिथे राहिले त्या भारतातल्या घरावरही एक पाटी लावावी, तिच्यावर त्यांचं नाव, काम आणि 'यांच्या मागे पुत्र सिराजुद्दीन' असा मजकूर असावा, अशी विनंती नगरपालिका ग्रामपंचायतीला करणार होती. मराठीतून. म्हणजे माच्याच घराच्या दर्शनी भिंतीवर.

मी तीन दिवस ते पाकीट गादीखाली ठेवून झोपलो. चौथ्या दिवशी खरं काय ते लिहायचं ठरवलं. इस्पितळातल्या फॅक्सच्या खोलीचा एसी मीच सांभाळायचो, त्यामुळे तिथल्या फिलिपिनो बाईने नाही म्हटलं नाही. मी लिहिलं: मी डॉक्टरसाहेबांचा मुलगा नाही, माझ्या नावात त्यांचं नाव आहे ती गुरुजींची चूक. पण ते कुठे वारले, कधी वारले, कुठे पुरले हे मला ठाऊक आहे कारण मी तिथे होतो. तारीख, गाव, तालुका, जिल्हा सगळं दिलं. वड आणि तिसरी कबरही दिली. स्की संग्रहालयातच ठेवा, फक्त दालन बदला, असंही सुचवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. तोवर लढाई सुरू झाली होती आणि क्षेपणास्त्रं खरोखरच पडायला लागली होती. 'आदरणीय श्री. ओट्टो, आपली माहिती अत्यंत मोलाची आहे. आपण नातेवाईक नसल्याचं कळवल्यामुळे ती विचारात घेता येत नाही. तथापि भारत सरकारच्या पत्रानुसार आपण पुत्र आहात. पुत्र असल्यास ती विचारात घेता येईल. तरी आपण आपल्या मताचा फेरविचार करावा. पाथरवट १६ फेब्रुवारीला काम सुरू करतो, त्याआधी फॉर्म आणि हयातीचा दाखला फॅक्सने मिळाल्यास चालेल. ता. क. आपल्या शहरावरच्या हल्ल्यांच्या बातम्या आम्ही काळजीने वाचतो. गॅसपासून संरक्षणाची साधनं आपल्याला मिळाली आहेत ना?'

लिहिणारा भला माणूस असणार, यात शंका नाही. पण त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. इर्माला कुणी विचारलं होतं हे? मी फॅक्सचा कागद चुरगाळला, मग नीट उलगडला, कारण कुणावर रागवायचं ते कळेना. लिहिणारा तेव्हा जन्मलाही नसेल. नागेश म्हणाला, "काळजी करतायत तर एक मास्क पाठवा म्हणावं, फळ्या कशाला पाठवतायत?"

हयातीच्या दाखल्यासाठी वकिलातीत जायचं तर पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टसाठी अबू सालेम. मी त्याला सांगितलं, वडिलांच्या स्की जर्मनीहून यायच्या आहेत. त्याने दोन्ही पाय जुळवून, गुडघे वाकवून खात्री करून घेतली की मी तेच म्हणतोय. टीव्हीवर त्याने पाहिलं होतं.

"तुझा बाप हिंदी. हिंदीला बर्फ कुठला?" तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला.

"डोंगरात असतो ना."

"काश्मीर?"

"त्याच बाजूला, जरा वर," मी म्हणालो. अल्ला मला माफ करो, नकाशावर पाहिलं तर ते खोटंही नाही.

अबू सालेमने तिजोरी उघडली. पासपोर्ट देताना माझ्याकडून वचन घेतलं की स्की आल्या की पहिल्यांदा तो वापरणार, सुमामाच्या वाळूच्या टेकड्यांवर. काठीला टोक नसल्याचं मी सांगितलं. वाळूत टोक नसलेलंच बरं, असं तो विचार करून म्हणाला. माझ्या नावातल्या ओट्टोबद्दल त्याने नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. आमच्याकडे बापाचं नाव मध्ये लिहितात, एवढंच मी म्हणालो. "आमच्याकडेही," असं म्हणून त्याने माझा खांदा थोपटला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

वकिलातीच्या खिडकीत श्रीकांत नावाचे गृहस्थ होते, पुण्याचे, गळ्यात मास्कचा डबा अडकवलेला. माझी मराठी ऐकून त्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. सगळे कागद शांतपणे वाचले.

"ओट्टो हे तुमचे वडील?"

"नाहीत."

"पासपोर्टवर आहेत."

"ती चूक आहे साहेब."

श्रीकांतनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, सरखोत. चूक असेल तर हा पासपोर्ट चुकीच्या माहितीवर काढलेला ठरतो, मला तो जमा करून घ्यावा लागेल. पासपोर्ट गेला की इकामा गेला. आणि पासपोर्ट नसलेल्या माणसाला मला हयातीचा दाखला देता येत नाही."

"म्हणजे मी मेलो?"

"असं मी म्हणत नाही. हयात आहात असं म्हणता येणार नाही, एवढंच."

"आणि वडील आहेत म्हटलं तर?"

"मग पाच मिनिटांचं काम आहे."

तेवढ्यात सरावाचा भोंगा वाजला. श्रीकांतनी नियमाप्रमाणे मास्क चढवला आणि काम चालू ठेवलं. काचेतून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मी श्वास घेतोय याची खात्री केली आणि लिहिलं: 'अर्जदार माझ्यासमक्ष हयात आहे.' आतून ते काहीतरी बोलत होते, ते मला मुळीच ऐकू आलं नाही. भोंगा थांबल्यावर त्यांनी मास्क काढला आणि तेच पुन्हा म्हणाले.

"रकाना सात तुमचा तुम्ही भरायचा आहे, त्याला माझी सही लागत नाही. पण पासपोर्ट एक सांगतो आणि तुम्ही दुसरं, असं होऊ देऊ नका. गोत्यात याल. तुम्हाला अडचण कसली आहे?"

"माझी आई आहे, साहेब. गावात. सत्तर वर्षांची."

त्यांनी माझा कागद पुढे ओढला. मग शिक्का मारला आणि चहा मागवला.

रकाना रिकामा ठेवून काहीच न पाठवण्याची वाट मला मोकळी होती, हे कबूल करतो. माचं नाव राहिलं असतं, माझा इकामा राहिला असता, आणि आल्टेनरोडाच्या चौकात डॉक्टर कायमचे बेपत्ता झाले असते. नागेश एरवी बडबड्या, पण त्या आठवड्यात तो मला एकच गोष्ट म्हणाला. "सिराजभाय, नाव तुमच्या मायचं जाणार. मग तिलाच विचारा ना. तुम्ही कोण परस्पर ठरवणारे?"

आठ फेब्रुवारीला शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटोपून मी आणि नागेश फोनच्या बूथवर गेलो. रांगेत तासभर गेला. गावात बाजारातल्या इस्मतच्या दुकानात फोन होता. त्याला सांगितलं, माला बोलावून आण, वीस मिनिटांनी पुन्हा करतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गावात साडेचार वाजलेत, शुक्रवार आहे, म्हणजे आठवड्याचा बाजार. पण बाण सुटला होता.

मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. हळू आवाजात, आडून आडून सांगायचं, म्हणजे आजूबाजूला कुणाला कळणार नाही. पण मा सौदीला फोनवर बोलायची ती अंतर आवाजाने कापायचं असतं अशा समजुतीने.

"सिराज, बाला, बाँब पडतायत ना रे?"

"पडतात, पण लांब. मा, जरा हळू बोल. तुला एक विचारायचंय."

"काय? मोठ्यानं बोल, आयकू येत नाय."

शेवटी मीच ओरडून सांगितलं. मागे रांगेत उभी असलेली तीस-चाळीस माणसं, त्यातली निम्मी कोकणातली, सगळं ऐकत होती. ओट्टो डॉक्टरांच्या गावाला दगड बसवतायत. त्यांचा मुलगा आहे असं मी लिहून दिलं तरच त्यांच्या नावापुढे आपल्या गावाचं नाव येईल. आणि लिहून दिलं तर आपल्या घरावर पाटी लागेल, बाजारातून जाणारा येणारा वाचेल. ते बोलत असतानाच भोंगा वाजला, बहुधा चुकून, कारण भर दुपारी क्षेपणास्त्रं येत नसत. रांग पांगली. नागेशने माझी बाही ओढली. मी पत्र्याच्या त्या खोक्याला धरून राहिलो. फोन ठेवला असता तर पुन्हा विचारायची हिंमत झाली नसती.

"मा, तू नको म्हटलंस तर मी नाही लिहिणार," मी म्हणालो. "तू चाळीस वर्षं जपलंस ते मला माहीत आहे."

इस्मतच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता, सुक्या बोंबलांचा भाव करणारी एक बाई ऐकू येत होती.

"नाय लिवलास तर काय लिवतील त्याच्या पुढं?" तिने विचारलं.

"बेपत्ता."

"म्हंजे?"

"म्हणजे कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही."

मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा फोनवर तिचा आवाज खाली आला, इतका, की मी रिसीव्हर कानात खुपसला.

"तो मेला तवा मी गेली नाय, सिराज. चार पावलांवर मयत पडलेली. मी खिडकीची फळी लावून आत बसली, लोकां काय म्हनतील म्हनून. बाजूच्या खोलीत येक मानूस येकटा मेला नि मी माजा नाव सांबालत बसली."

मी नुसतं "मा" म्हणालो.

"इस्मत," ती तिकडे वळून म्हणाली, "तो रेडिओ बंद कर." रेडिओ बंद झाला. मग ती बोलली ती खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी, एकेक शब्द सुटा करून.

"लिव. माजा सिराज ओट्टो डॉक्टरचा मुलगा. मी हाजरा हारून सरखोत सांगतंय, लिव."

बोंबलांचा भाव करणारी बाई थांबली होती. इकडे रस्त्यावर भोंगा अजून चालू होता आणि चिटपाखरू नव्हतं, फक्त नागेश माझ्याशेजारी उभा होता. मी फॉर्म खिशातून काढून बूथच्या फळीवर पसरला आणि त्याच्याकडे पेन मागितलं.